दुसऱ्या ढिगात

दुपारी दीड वाजता जाऊबाईंकडची वीज गेली आणि दोनच मिनिटांत त्यांनी भिंत ठोकली. ठोकली म्हणजे लाटण्याने बडवली. माझ्याकडे पंखा फिरत होता, कूलर घरघरत होता, टेबलावरचा संगणक चालू होता. भिंतीपलीकडे त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनची वीज गेल्याची शिट्टी वाजत होती. त्या दिवशी भुसावळात सत्तेचाळीस अंश तापमान होतं.

"मंदे! तुझ्याकडं लाइट कशी काय आहे? मले मारू राहिली का तू?"

एकाच घराचे हे दोन तुकडे. सासरे गेल्यावर चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली आणि जाऊबाईंनी मधल्या दारात विटा रचून घेतल्या. पाण्याच्या पाइपसाठी वीतभर भोक तेवढं ठेवलं. त्यांचं नाव लीलावती रामदास कुऱ्हाडे, वय बहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. फुप्फुसं दोन वर्षांपासून कामातून गेलेली. मी मंदाकिनी कुऱ्हाडे, त्यांच्या धाकट्या दिराची बायको. दोघींचे नवरे आता नाहीत. गेल्या अकरा वर्षांत आम्ही एकमेकींशी सरळ बोललेलो नाही. मला त्या आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी गोड अर्थ काढत बसू नये.

"मी काय वीज खिशात घालून फिरते का?" मी भोकातून ओरडले. "अर्ज केला होता ना तुम्ही?"

"तीन केले! तिन्हीचं 'मिळाला' म्हणून उत्तर आलं. डॉक्टरची चिठ्ठी जोडली. आणि याद्यांवर सही कोणाची असते, तुझीच ना?"

सही माझीच असते. ते कसं, हे सांगणं भाग आहे.

उन्हाळ्यात आता सगळ्यांना पुरेल एवढी वीज नसते. आमच्या भागाची वीज तापी वितरण संघाकडे आहे आणि दीड ते साडेचार या वेळात संघ घरांचे दोन ढीग करतो, एक चालू, एक बंद. पाण्याचे पंप, दवाखाने, घरी मशीनवर असलेले रुग्ण आणि अत्यावश्यक सेवेतली माणसं चालू ढिगात. बाकीच्यांनी ओला पंचा अंगावर घेऊन पडून राहायचं. ढीग माणूस करत नाही, यंत्र करतं, आणि ते ज्या नियमाने करतं त्याला नमुना म्हणतात.

समजा लाखभर अर्जांची यादी आहे, एका ओळीत एक अर्ज. ओळीत नाव, गाव, मीटरचा क्रमांक, डॉक्टरांचा शेरा. त्यातून हव्या त्या ओळी वेगळ्या काढायच्या तर संगणकाला त्या कशा दिसतात याचं वर्णन द्यावं लागतं. सुरुवातीला अक्षरं, मग मोकळी जागा, मग आकडे, मग अमुक शब्दांपैकी एखादा. हे वर्णन खुणांनी लिहितात. टिंब म्हणजे कोणतंही एक चिन्ह. अधिकची खूण म्हणजे एक किंवा जास्त वेळा. चौकोनी कंसात अ लिहून, आडवी रेघ मारून ह लिहिला, की अ पासून ह पर्यंतचं कोणतंही अक्षर चालतं. जी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळली ती पहिल्या ढिगात, बाकी सगळ्या दुसऱ्या. तिसरा ढीग नसतो. आणि दुसऱ्या ढिगात कोण का पडलं, याची कुठेही नोंद होत नाही. यंत्राच्या लेखी ती चूक नसतेच, ती ओळ फक्त जुळलेली नसते.

पूर्वी माणसंच हे नमुने लिहीत आणि आठवड्याने आपलाच नमुना वाचताना डोकं धरून बसत. मग यंत्रं लिहायला लागली. हजारो उदाहरणं दाखवायची, हे हवं, हे नको, आणि यंत्र नमुना ओकून मोकळं. पुढे शाळाप्रवेशाच्या याद्यांवरून मोठा गदारोळ झाला आणि कायदा आला. लोकांची यादी विभागणाऱ्या यंत्राने आपला नियम लेखी द्यायचा आणि एका माणसाने तो अक्षर न् अक्षर वाचून खाली सही करायची. कायदा पाळला गेला, नाही असं नाही. यंत्र नियम लेखी देतं. एकाच ओळीत, चार हजार एकशे सोळा चिन्हं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

तो वाचणारी ती मी. नमुना-वाचक, म्हणजे कायद्याने अत्यावश्यक सेवेतली. सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून निवड झाली. पहिलं वर्षभर मी खरोखर वाचलं. मग रोज एक यायचा तिथे तीन यायला लागले, मग सात. संघातले आमचे साहेब झोपे म्हणाले, "मंदाताई, यंत्र चुकत नाही हो. तुमची सही कायद्यापुरती." झोपे आडनावाच्या माणसावर विनोद करू नये, तो स्वतःच स्वतःवर करत असतो. पण ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. यंदाच्या उन्हाळ्याचा नमुना मार्चमध्ये आला. मी पहिल्या दोनशे खुणा वाचल्या, शेवटच्या पन्नास वाचल्या आणि सही ठोकली.

भिंतीपलीकडची शिट्टी थांबत नव्हती. मी कूलरची जोडवायर उपसली आणि तिचं टोक भोकातून पलीकडे ढकललं.

"काय आहे हे?"

"वीज. लावा."

"तुझे उपकार नको मले."

"उपकार नका मानू. लावा आणि मग शिव्या द्या."

पलीकडे श्वास ऐकू आला, फाटक्या भात्यातून यावा तसा. मग शिट्टी थांबली आणि शिव्या सुरू झाल्या.

मी झोप्यांना फोन लावला.

"कुऱ्हाडे लीलावती? बंद गटात आहेत," ते म्हणाले. "जुळलं नसेल काहीतरी."

"काय जुळलं नाही?"

"ते मला कसं कळणार ताई? नमुना तुम्ही वाचलाय."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, एवढी त्यांची पोच नाही. पण माझ्या कानशिलात बसली.

"मग नमुना परत उघडा. मी पुन्हा वाचते."

"सही झालेला नमुना वाचकाला उघडता येत नाही. बाधित घराने वाचकाविरुद्ध तक्रार केली तरच तो थांबतो. थांबला की मागच्या वर्षीचा लागू होतो. पण मग वाचक निलंबित, सुनावणी, खटला. तुम्हाला कशाला हवंय ते? वायर दिलीत ना? झालं तर मग."

नमुन्याची प्रत मात्र माझ्याजवळ होती. त्या संध्याकाळी मी ती मोठ्या टायपात छापून काढली, बावीस कागद झाले, आणि टेबलाशी बसले. दीड कागदानंतर ओळी नाचायला लागल्या. छापखान्यात असला मजकूर कोणी एकट्याने तपासत नसे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, काना, मात्रा, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने समोरच्या कागदावर बोट ठेवून बघायचं. एकट्याचा डोळा त्याला हवं ते वाचतो. दोघं असली की एकाची लबाडी दुसऱ्याला ऐकू येते. पण दुसरं माणूस आणू कुठून? संघातल्या तरुण मंडळींना 'ज्ञ' कोणत्या अक्षरांचा बनतो ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी जाऊबाईंच्या दारात उभी राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचं मशीन घेऊन माझ्याकडे चला. काम आहे."

"मी? तुझ्या घरात?"

"एकतीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलंत ना? बावीस पानं आहेत. मी वाचणार, तुम्ही बघायचं."

त्या आल्या. माझ्यासाठी नाही, माझी चूक सापडावी म्हणून आल्या, आणि तसं सांगूनच आल्या. खुर्चीत बसल्या, नाकात नळी, मांडीवर पाट, पाटावर कागद, हातात लाल पेन्सिल. माझ्या भिंतींवरून नजर फिरवून म्हणाल्या, "सासूबाईंचं घड्याळ इथं आहे होय. चिठ्ठीत माझ्याकडं आलं होतं ते."

"बंद आहे. न्या जाताना."

"बंद पाडलं असशील."

मी वाचायला घेतलं. "आरंभखूण. गोल कंस उघडा. चौकोनी कंस उघडा. अ. आडवी रेघ. ह. काना. पहिली वेलांटी. दुसरी वेलांटी..."

"हळू. घोडं लागलंय का मागं?"

"...पहिला उकार. दुसरा उकार. मात्रा. अनुस्वार. हलन्त. चौकोनी कंस बंद. अधिक. मोकळी जागा."

दीडपर्यंत आमची सहा पानं झाली आणि चार भांडणं. एक घड्याळावरून, एक नळाच्या मीटरवरून, दोन कशावरून ते आठवत नाही. दीडला माझा पंखा चालू राहिला. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि तोंड वाकडं करून पुन्हा कागदावर बोट ठेवलं. वाचता वाचता मी त्यांना प्रत्येक कंसाचा अर्थ सांगत होते आणि बाईंचं डोकं तल्लख, ते कबूल करायला हवं. सातव्या पानावर त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे पहिल्या पानावर जे आहे ते नावाचं वर्णन?"

"हो."

"अ पासून ह पर्यंतची अक्षरं, आणि काना-मात्रा-वेलांट्या. एवढंच?"

"एवढंच."

"मग आपल्या नावातला तो र कुठं आहे?"

मी पहिलं पान ओढून घेतलं.

मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. दर्या म्हणजे समुद्र. तिथे रफार, अक्षराच्या डोक्यावर. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. तिथे अक्षराच्या आधी ती छोटी आडवी रेघ. आमचं नाव दुसऱ्या तऱ्हेचं, कुऱ्हाडे. आता गंमत अशी की हा आडवा र संगणकात एकाहून अधिक प्रकारांनी साठवता येतो आणि कागदावर सगळे सारखेच दिसतात. आमच्या छापखान्याच्या जुन्या कळफलकावर त्याची वेगळी कळ नव्हती. आधी र, मग हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. त्या जोडचिन्हाला रूप नाही, रुंदी नाही, पण संगणक ते मोजतो. अ पासून ह पर्यंतच्या अक्षरांत ते बसत नाही. काना, मात्रा, वेलांटी यांतही बसत नाही. ते आलं की ओळ जुळत नाही आणि माणूस दुसऱ्या ढिगात पडतो.

"माझा मीटरचा अर्ज कोणी टाइप केला होता?" जाऊबाईंनी विचारलं. विजेच्या अर्जात नाव मीटरच्या नोंदीवरूनच उचललं जातं. त्यांना माहीत होतं. वाटणीची सगळी कागदपत्रं मीच छापखान्यात बसून केली होती, दोन्ही घरांची. आमच्या नावाचा र नीट उमटलाच पाहिजे म्हणून मी तेव्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. याच बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, कोण बघतंय तुझा र!

माझं मीटर पुढे नवऱ्याच्या नावावरून माझ्या नावावर झालं तेव्हा संघातल्या कारकुनाने रफार मारून 'कुर्हाडे' असं लिहून टाकलं. चूक. ठार चूक. ती दुरुस्त करावी म्हणून मी त्याला सहा पत्रं पाठवली होती. ती चूक यंत्राशी बेमालूम जुळत होती आणि मी शुद्ध लिहिलेलं नाव कचऱ्यात पडलं होतं. मला हसू आलं नाही. मला त्या कारकुनाचा, यंत्राचा आणि स्वतःचा इतका राग आला की हातातला कागद चुरगळला.

"पण तू हे मार्चमध्ये वाचलं होतंस ना?" जाऊबाई म्हणाल्या. "पहिल्याच पानावर आहे."

"पहिल्या दोनशे खुणा वाचल्या होत्या. एकटीने. डोळ्यांखालून घातल्या म्हणा."

"आणि बाकीच्या?"

मी चुरगळलेला कागद टेबलावर सरळ करायला लागले. त्यांनी लाल पेन्सिल पाटावर आपटली.

"तू वाचलंच नव्हतंस. सही केलीस आणि वाचलंच नव्हतंस!" पुढे बोलायला श्वास पुरेना, तरी त्यांनी बोट रोखून धरलं. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

त्या घरी गेल्यावर मी बंद ढिगाची यादी उघडली. वाचकाला यादी बघता येते, बदलता येत नाही. ते न दिसणारं चिन्ह असलेल्या ओळी शोधल्या. एकशे सेहेचाळीस घरं. कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे. सगळ्यांकडे कोणीतरी मशीनवर. तालुक्यातले निम्मे अर्ज तेव्हा आमच्याच छापखान्यात टाइप होत, त्यामुळे यातली कितीतरी नावं माझ्याच बोटांनी, माझ्याच हट्टाने लिहिलेली असणार. एका बऱ्हाट्यांच्या ओळीपुढे नवा शेरा होता, आदल्या दिवशीचा. 'ग्राहक मयत. जोडणी कायम बंद करावी.'

मी झोप्यांना पुन्हा फोन केला, शेरा वाचून दाखवला.

"उष्म्याने माणसं जातातच ताई," ते म्हणाले. "आणि तुमच्या जाऊबाईंचं एकटं नाव हवं तर मी रफार घालून बदलून देतो. कोणाला कळणार नाही."

"बाकीच्या एकशे पंचेचाळिसांचं?"

"त्यातलं एक तर आता..." असं म्हणून त्यांनी जीभ चावली.

मी फोन आपटला. माणूस मेल्यावर यादी आखूड झाली एवढंच ज्याला सुचतं, त्याच्या हाताखाली मी चार वर्षं काढली होती आणि त्याच्या शब्दावर झोपत होते.

सकाळी नऊला जाऊबाई पुन्हा दारात. नळी, मशीन, आणि वहीतून फाडलेले दोन कागद.

"तक्रार लिहिली आहे. तुझ्याविरुद्ध. हात कापतात, संगणकावर टाइप होत नाही. तू कर."

"माझ्याविरुद्धची तक्रार मी टाइप करू?"

"तुझ्यावाचून दुसरं कोणाला शुद्ध येतं इथं?"

मी बसले. अक्षर शाळामास्तरणीचं, गोल आणि ताठ. मजकूर वाचला. 'सदर वाचक बाईंनी नमुना न वाचता सही केली. त्यामुळे माझ्या व इतर अनेकांच्या जिवाला धोका झाला. एक इसम मरण पावला आहे.' बऱ्हाट्यांचं मी त्यांना रात्रीच भोकातून सांगितलं होतं. एकही चूक नव्हती, ना शुद्धलेखनाची, ना दुसरी. मी सगळं उतरवलं. शेवटी नावाची चौकट आली, तक्रारीत ती आपणच भरायची असते.

लीलावती रामदास कुऱ्हाडे. माझ्या बोटांनी आपोआप तसंच टाइप केलं, र, हलन्त, जोडचिन्ह, ह. माझ्या घरच्या संगणकाचा कळफलकही मी छापखान्यासारखाच लावून घेतलेला आहे.

आणि मी थांबले.

तक्रारीही त्याच यंत्रातून जातात. नावाचं वर्णन तेच. म्हणून त्यांच्या तीन अर्जांना 'मिळाला' असं उत्तर आलं आणि पुढे काही झालं नाही. ही तक्रारसुद्धा मिळाली असती आणि दुसऱ्या ढिगात जाऊन पडली असती, कायमची. झोपे सुखी, मी सुखी. मी काहीही खोटं केलं नसतं. उलट नाव शुद्ध लिहिलं असतं. जाऊबाईंना वायर होतीच. मला फक्त कळ दाबायची होती.

खरं सांगते, माझं बोट त्या कळेवर होतं. चौसष्टाव्या वर्षी खटला कोणाला हवा असतो? मग मला त्या बऱ्हाट्यांच्या घरच्या भिंतीचा विचार आला, पलीकडून वायर ढकलणारी भांडखोर जाऊ नसलेल्या भिंतीचा.

मी नाव पुसलं. रफार घालून लिहिलं. कुर्हाडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी ते नाव चुकीचं लिहिलं.

जाऊबाई खांद्यावरून बघतच होत्या. "नाव चुकलं, मंदे."

"राहू द्या तसंच."

"माझ्या नवऱ्याचं नाव आहे ते. तुझ्या नवऱ्याचंही. नीट लिही."

"नीट लिहिलं तर पोचणार नाही."

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग हळूहळू माझ्याकडे. तिन्ही अर्जांचं गणित त्यांच्या डोक्यात जुळताना मला दिसलं. आणि मी नीट लिहिलं असतं तर काय झालं असतं, तेही. त्या पुढे झुकल्या आणि त्यांच्या कापऱ्या बोटाने त्यांनीच पाठवण्याची कळ दाबली.

अकराला उत्तर आलं. नमुना स्थगित, मागील वर्षीचा लागू. वाचक मंदाकिनी कुर्हाडे निलंबित, सुनावणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. जाऊबाई मशीन उचलून आपल्या घरी गेल्या. घड्याळही घेऊन गेल्या.

दीड वाजला. पलीकडे शिट्टी वाजली नाही. माझा पंखा मात्र दोन फेऱ्या घेऊन थांबला, कूलर थांबला, संगणक मिटला. निलंबित माणूस अत्यावश्यक नसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पंचा ओला केला, फरशीवर आडवी झाले. तासाभरात पंचा कोरडा, डोकं ठणकायला लागलेलं, माठातलं पाणीही कोमट.

भिंतीवर लाटणं बसलं.

"मंदे! मेलीस का?"

"अजून नाही."

भोकात खरखर झाली. माझीच जोडवायर, उलट्या दिशेने, माझ्याकडे सरकत आली.

"पंखा लाव. आणि उपकार समजू नको. सात तारखेला तू जिवंत पाहिजेस मले. सगळ्यांपुढं उभी करून तुझ्याकडून एकेक खूण वाचून घेणार आहे मी, बाविसच्या बावीस पानं."

मी वायर धरली.

"समोर बोट ठेवून बघायला कोण बसणार?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या. "दुसरं कोण आहे?"